वेदर रेडिओ घेतलाय? मग काउंटीचा कोड टाकल्याशिवाय झोपू नका

अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलसकडे नवीन आलात तर उन्हाळ्याआधीचे दोन-तीन महिने टोर्नाडोचे, आणि मोबाईल असताना वेदर रेडिओ, म्हणजे वादळाचा इशारा आला की आपोआप वाजणारा हा डबा, कशाला असं मलाही वाटायचं. पण रात्री फोन सायलेंटवर असतो, वादळात नेटवर्क जातं, रेडिओला मात्र नेट लागतच नाही.

आधी अलर्ट येतो कसा ते बघू. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या (इथलं सरकारी हवामान खातं) फोर्ट वर्थ ऑफिसमधून वॉर्निंग निघाली की ती ट्रान्समीटरवर जाते. देशभरात असे हजारावर ट्रान्समीटर आहेत आणि ते 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झमधल्या 7 फ्रिक्वेन्सींवर दिवसरात्र बोलत असतात. तुमचा रेडिओ तोंड मिटून ऐकत बसलेला असतो. वॉर्निंगच्या आधी जुन्या डायल-अप मोडेमसारखी चर्रचर्र तीनदा येते, आणि सगळी गंमत त्यात आहे, कारण तो पाकिटावरचा पत्ता. त्यात साधारण असं असतं: टीओआर, 048085, 0045. म्हणजे टोर्नाडो वॉर्निंग, कॉलिन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), 45 मिनिटं. पत्ता जुळला तरच रेडिओ उठतो, मग शिट्टी आणि मग कॉम्प्युटरचा आवाज.

आता सेटिंग. पहिल्यांदा सातही चॅनेल फिरवून बघा, पण नुसतं स्वच्छ ऐकू येतंय म्हणून ठेवू नका, तो ट्रान्समीटर तुमच्या काउंटीचे अलर्ट देतो का हे वेदर सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या (डॅलसचा 162.400 वर आहे).

मग कोड. 6 आकडे, पहिला बहुतेक वेळा शून्य, पुढचे दोन राज्याचे, टेक्सासचा 48, शेवटचे तीन काउंटीचे. फ्रिस्कोवाल्यांनो, तुमचं गाव दोन काउंटींत पसरलंय, त्यामुळे कॉलिनचा 048085 आणि डेंटनचा 048121, दोन्ही टाका.

मी पहिल्या वर्षी हे केलंच नाही, सगळ्या काउंटींवर ठेवून दिलं. रात्री दोनला कुठल्यातरी लांबच्या काउंटीसाठी भोंगा सुरू झाला, आई तेव्हा साताऱ्याहून आलेली, ती म्हणे "अरे बंद कर ते मेलं!" आणि तिने सरळ प्लग ओढला. तरी वाजतच राहिलं, आत सेल होते ना. सेल टाकलेले असले पाहिजेत हे असं कळलं.

अँटेना पूर्ण वर काढा आणि रेडिओ खिडकीजवळ ठेवा, फ्रिजवर नको.

टेस्ट बहुतेक बुधवारी दुपारी बाराच्या आधी असते, हवा बिघडलेली असली तर पुढे ढकलतात. बऱ्याच रेडिओंत भोंगा न वाजता फक्त स्क्रीनवर येतं, तेव्हा बुधवारी संध्याकाळी एकदा बघा. काहीच दिसलं नाही तर अँटेना हलवा, नाहीतर कोड परत तपासा.

आणि हो, वॉर्निंग मॅककिनीच्या बाजूची असली तरी प्लेनोत रेडिओ वाजणार, कारण दोन्ही गावं कॉलिनमध्ये आणि कोड अख्ख्या काउंटीचा असतो. नक्की कुठे ते पुढे बोलून सांगतात, तेवढं ऐकून मग बंद करा.