ऑन्टारिओत पाळणाघर शोधताय? आधी फीचा कागद मागा

थोरल्याला 2019 साली मिसिसागात पाळणाघरात घातलं, तेव्हा महिन्याला 1,500 डॉलर जायचे. माझा निम्म्याहून जास्त पगार त्यातच संपायचा. आता धाकटीचे दिवसाला 22 डॉलर, म्हणजे 21 दिवसांच्या महिन्याला 462. मार्च 2022 मध्ये ऑन्टारिओ प्रांतानं पाळणाघरांची फी कमी करण्याच्या योजनेसाठी (कॅनडा-वाइड अर्ली लर्निंग अँड चाइल्ड केअर, थोडक्यात सीडब्ल्यूईएलसीसी) कॅनडाच्या केंद्र सरकारशी करार केला, त्याचा हा परिणाम. 1 जानेवारी 2025 पासून सहा वर्षांखालच्या मुलांची मूळ फी दिवसाला 22 डॉलरच्या वर नेता येत नाही.

पण हे बंधन फक्त योजनेत सामील झालेल्या पाळणाघरांना आहे. म्हणून फोन केल्यावर जागा आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘तुम्ही सीडब्ल्यूईएलसीसीत आहात का?’ प्रांताच्या लायसन्सधारक पाळणाघरांच्या यादीतही ते बघता येतं. घरी मुलं सांभाळणाऱ्या ताई लायसन्स असलेल्या एजन्सीशी जोडलेल्या असतील, तर त्यांच्याकडेही कमी फी मिळू शकते. लायसन्स नसेल तर नाही.

नाव मात्र फार लवकर घाला. मी गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात सात ठिकाणी घातलं होतं, आणि जागा मिळाली तेव्हा लेक चौदा महिन्यांची झाली होती. वेटिंग लिस्टसाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. सप्टेंबर 2016 पासून ते बेकायदा आहे. आपला नंबर कितवा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे आणि ते सांगणं त्यांना भाग आहे. मी दर दोन महिन्यांनी विचारायची.

जागा मिळाली की सही करण्याआधी फीचा कागद नीट वाचा. त्यात दोन प्रकार असतात: मूळ फी आणि इतर फी. जे घेणं पालकांना सक्तीचं, ते सगळं मूळ फीत धरायचं, आणि मूळ फीला 22 ची मर्यादा. उशिरा न्यायला आलात त्याचा दंड किंवा ऐच्छिक सहल हे इतर फीत चालतं. आमच्या कागदावर ‘संगीत वर्ग, महिना 60 डॉलर’ असं वेगळं लिहिलं होतं. मी विचारलं, ‘हा नको असेल तर?’ उत्तर आलं, सगळ्यांनाच घ्यावा लागतो. मग तो इतर फीत कसा बसेल? मी तेवढाच प्रश्न ईमेलनं लिहून पाठवला आणि लेखी उत्तर मागितलं. आठवड्यात 60 डॉलर बिलातून गेले. तोंडी बोलत बसले असते तर गेले नसते, असं मला ठामपणे वाटतं. तरीही ऐकलं नाही तर रीजनच्या, म्हणजे आपल्या भागातल्या स्थानिक प्रशासनाच्या, बालसंगोपन विभागाला कळवायचं, कारण पाळणाघराला पैसा त्यांच्याकडूनच येतो.

हा पैसा कसा येतो, तेही समजून घ्या, म्हणजे जागा का मिळत नाहीत ते कळेल. 2025 पासून सूत्र खर्चावर बेतलेलं आहे: पगार, भाडं, चालवण्याचा खर्च धरायचा, पालकांची फी वजा करायची, उरलेलं रीजनमार्फत द्यायचं. अठरा महिन्यांखालच्या दहा बाळांमागे तीन माणसं लागतात, तर अडीच वर्षांपुढच्या आठ मुलांमागे एक पुरतं. म्हणून तान्ह्यांची खोली सर्वात महाग पडते आणि तिथंच जागा सर्वात कमी. प्रशिक्षित शिक्षिकांना किमान वेतनाची हमीही याच योजनेत आहे. 2024 ला ती तासाला 23.86 डॉलर होती. माझ्या लेकीला दिवसभर कडेवर घेणाऱ्या ताईंसाठी मला ती अजून कमीच वाटते.

मिळकत कमी असेल तर 22 वरच थांबू नका. फी सबसिडीसाठी रीजनकडे वेगळा अर्ज करा. सबसिडीच्या हिशेबानं कुटुंबाचं उत्पन्न 20,000 डॉलरपर्यंत असेल, तर पालकांचा वाटा शून्य येतो.

मूल जानेवारी ते जूनमध्ये सहा वर्षांचं होत असेल आणि बालवाडीच्या गटात असेल, तर सवलत 30 जूनपर्यंत चालते. वाढदिवसापासून बंद केली तर हरकत घ्या. पावत्या सगळ्या जपून ठेवा. भरलेली फी करविवरणात, बहुधा कमी कमावणाऱ्या जोडीदाराच्या नावे, 21400 या ओळीत वजा करता येते.