पिकअपच्या हौद्यात डिझेल-पाण्याचे कॅन पक्के कसे बसवावेत

आधी वजन मोजा. २० लिटर पाणी म्हणजे २० किलो. तेवढंच डिझेल साधारण १७ किलो भरतं, आणि लोखंडी कॅनचे चारेक किलो वेगळे. पाण्याचे चार, डिझेलचे दोन कॅन आणि त्यांची लोखंडी चौकट धरली की दीडशे किलोच्या आसपास जातं. गाडीच्या भारक्षमतेत माणसंही मोजायची असतात, हे बरेच जण सोयीस्कर विसरतात.

जागा: केबिनला लागून, तळाला, मागच्या आसाच्या पुढे. फाळक्याजवळ इंधन ठेवू नका, मागून ठोकर बसली की पहिला मार त्यालाच.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे चौकट हौद्याच्या तळाला जोडणारे बोल्ट. "चार भोकं पाडा, बोल्ट आवळा, झालं" असं सांगणाऱ्याने खराब रस्त्यावर भरलेले कॅन कधी नेलेले नसतात. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. साधे वॉशर लावले, जीव खाऊन आवळले. काही दिवसांच्या खडखडाटानंतर पाहतो तर भोकं लांबट झालेली, एका भोकाच्या कडेला पत्रा चिरलेला आणि एक बोल्ट वॉशरसकट वर आलेला. बोल्ट शाबूत होता, फाटला तो पत्रा. हौद्याचा पत्रा असतो जेमतेम मिलिमीटरभर. जोरात ब्रेक मारला की कॅन आपल्या वजनाच्या पाऊणपट जोराने पुढे ढकलतो, आणि तो सगळा ताण त्या चार भोकांच्या कडांवर येतो.

म्हणून पत्र्याखालून पट्टी द्यायचीच. प्रत्येक बोल्टला निदान १०० बाय १०० मिमीची, ४-५ मिमी जाड लोखंडी पट्टी. दोन बोल्टना मिळून एकच लांब पट्टी दिली तर आणखी उत्तम. मोठा वॉशर चालेल का, असं विचारू नका. नाही चालत.

दुसरी फसगत पन्हळ्यांची. हौद्याचा तळ सपाट नसतो. चौकट उंचवट्यांवर टेकते, खाली पोकळी राहते. बोल्ट आवळला की उंचवटा चेपतो, पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चार दिवसांत तोच बोल्ट बोटांनी फिरतो. त्या पोकळीत उंचवट्याइतक्याच जाडीचा लोखंडाचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा भरा. लाकूड नको, ते ओलं होऊन फुगतं, वाळून आकसतं. हौद्याखालच्या आडव्या पोकळ पट्टीतून बोल्ट घेणार असाल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर ती पट्टीही चेपते.

भोक पाडण्याआधी गाडीखाली झोपून स्वतः बघा. ब्रेकची नळी, वायरिंग, इंधनाची टाकी, यांतलं काहीही नेमकं तुमच्या खुणेखाली असू शकतं. भोकाच्या कडेला गंजरोधक रंग लावा, लोखंडाचा कीस झाडून काढा. १० मिमीचे ८.८ ग्रेडचे (म्हणजे जास्त ताकदीचे) बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, खडखडाटाने सहज सैल न होणारे) पुरेसे आहेत. चौकट केबिनला मात्र जोडू नका. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे पिळतात, दोघांना बांधलेली चौकट कुठेतरी तडकतेच.

कॅन चौकटीत बसवून वरून रॅचेटचा, म्हणजे दांडा मागेपुढे करून ताणायचा, पट्टा टाका. पट्टा फक्त कॅन वर उडू नये म्हणून, पुढे-मागे आणि बाजूंना सरकणं चौकटीनेच अडवायला हवं. पाण्याचे कॅन वापरताना एकेक पूर्ण रिकामा करा, सगळे अर्धे ठेवलेत तर वळणावर पाणी हिंदकळत राहतं. इंधनाच्या कॅनमध्ये मात्र वर थोडी जागा सोडा, उन्हात ते प्रसरण पावतं.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून सगळे नट पुन्हा तपासा.

आणि इंधन भरताना कॅन हौद्यातून उतरवून जमिनीवर ठेवा, पेट्रोल असेल तर हटकून. प्लास्टिकचं अस्तर असलेल्या हौद्यात कॅनवर साचलेल्या स्थिर विजेला जमिनीत जायला वाट नसते, आणि पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. त्यामुळे कॅन दर वेळी काढावा लागणार हे धरूनच चौकटीची एक बाजू खिटीवर उघडणारी करा. माझी पहिली चौकट चारही बाजूंनी बंद होती, भरलेला कॅन छातीपर्यंत उचलून काढावा लागे.