गच्चीच्या स्लॅबवर उष्णतारोधक थर निवडताना या चुका टाळा

विदर्भ-मराठवाड्यात नवे घर बांधणाऱ्याने सर्वांत आधी गच्चीच्या स्लॅबचा विचार करावा, कारण दिवसभर तापलेले काँक्रीट रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहते.

नेहमीची चूक म्हणजे उष्णतारोधक थर स्लॅबच्या खाली, फॉल्स सीलिंगच्या आत बसवणे. खोली काहीशी थंड राहते हे खरे. परंतु स्लॅब मात्र उघडाच तापतो आणि रोज प्रसरण-आकुंचन पावत राहिल्याने कठड्याच्या सांध्याशी भेगा पडतात, आणि पावसाळ्यात गळती बहुधा तेथूनच सुरू होते. थर स्लॅबच्या वर असावा.

दुसरी चूक साहित्याची. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे सिमेंटात बसवलेल्या विटांच्या तुकड्यांचा थर, केला म्हणजे उष्णतेचा प्रश्न मिटला, असे पुष्कळजण धरून चालतात. कोबा ढाळ देतो आणि पाणी अडवतो. उष्णता तो बेताचीच रोखतो, भिजल्यावर त्याहून कमी, आणि १० सेंटिमीटर कोब्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १५० ते २०० किलो भरते. याउलट ५० मिलिमीटर जाडीची एक्सपीएस, म्हणजे पॉलिस्टायरीनच्या कडक फोमची, शीट चौरस मीटरला जेमतेम दोन किलोची असून तिचा उष्णतारोध अडीच मीटर जाड काँक्रीटइतका असतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेने छताच्या यू-व्हॅल्यूसाठी (छतातून उष्णता किती वेगाने आत येते याचे माप; कमी तितके चांगले) घातलेली १.२ ची कमाल मर्यादा या एका शीटने सहज पाळली जाते. स्वस्त म्हणून पॅकिंगचा थर्माकोल घेऊ नये. तो वरच्या भाराने दबतो आणि फरश्या पोकळ वाजू लागतात. चकचकीत फॉइल कोब्याखाली दाबून टाकणे तर निव्वळ पैसे वाया घालवणे आहे, कारण समोर हवेची पोकळी असल्याशिवाय ते काम करत नाही.

क्रमही महत्त्वाचा आहे: स्लॅब, ढाळ, वॉटरप्रूफिंग, त्यावर पाणी साठवून घेतलेली चाचणी, मग शीट, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे) कापड आणि शेवटी संरक्षक काँक्रीट व फरशी. शीट उन्हात उघडी ठेवल्यास तिचा पृष्ठभाग भुसभुशीत होतो, आणि सॉल्व्हंट असलेला डिंक किंवा प्रायमर लावल्यास ती अक्षरशः विरघळते. म्हणून डब्यावरील सूचना कारागिरावर न सोपवता स्वतः वाचाव्यात.

या सर्व थरांनी गच्चीची पातळी १५ सेंटिमीटरपर्यंत सहज वर येते, हे जिन्याच्या दाराचा उंबरा आणि पावसाच्या पाइपांची तोंडे ठरवताना कोणाच्या ध्यानात येत नाही. मग पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जिन्यात उतरते.

सर्व नीट करूनही दुपारनंतर खोली तापत असेल, तर दोष छतात शोधण्याआधी पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहावा.