खिमा पास्त्याच्या एका ताटात किती कॅलरी, किती प्रथिनं: घरच्या घरी कसं मोजावं

फोनमधल्या ॲपवर ‘मीट सॉस पास्ता, एक कप’ असं शोधायचं आणि येईल तो आकडा खरा मानायचा, हा सल्ला हल्ली सगळेच देतात. त्याचा काही उपयोग नाही. तो आकडा बहुतेक वेळा गोमांसाच्या सॉसचा असतो. आपल्या कढईत विजापूर वेशीतून आणलेला बोकडाचा खिमा असतो, फोडणीला सढळ हाताने ओतलेलं तेल असतं आणि सोलापुरात असल्यावर काळा मसालाही पडतोच. तेव्हा हिशेब स्वतःच्या कढईचाच करा.

काटा हवा, ग्रॅममध्ये दाखवणारा. वाटीने मोजणार असाल तर सुरुवातच करू नका. रिकाम्या कढईचं वजन आधी लिहून ठेवा, नंतर ते घेता येत नाही.

चार जणांसाठी मी घेते ते सामान असं: कोरडा पास्ता ३०० ग्रॅम, खिमा ४०० ग्रॅम, टोमॅटो ५०० ग्रॅम, कांदा २०० ग्रॅम, तेल ३ मोठे चमचे. खिमा घेताना ‘चरबी नको’ असं सांगून समोर करून घ्या. खिमा मऊ राहावा म्हणून चरबी टाकायची पद्धत आहे, आणि ५० ग्रॅम चरबी म्हणजे साडेतीनशे ते चारशे कॅलरी जास्तीच्या. आलं-लसूण, कोथिंबीर हिशेबात धरू नका, त्याने काही फरक पडत नाही. तेल मात्र थेंबाथेंबाचं धरा.

आता खरी अडचण. मी इथेच बरेच दिवस अडकून पडले होते, आणि लोकांचे हिशेब बिघडतात तेही इथेच.

पास्त्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला साधारण ३५५ कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. हे आकडे कोरड्या पास्त्याचे. शिजल्यावर पास्ता पाणी पितो आणि ३०० ग्रॅमचे जवळपास ७०० ग्रॅम होतात. त्या ७०० ग्रॅमला पाकिटावरचा आकडा लावला की २,४८५ कॅलरी येतात. खऱ्या असतात १,०६५. उलटंही होतं: शिजलेल्या पास्त्याच्या १०० ग्रॅमला सुमारे १५८ कॅलरी असतात, तो आकडा कोरड्या ३०० ग्रॅमला लावला की फक्त ४७४ येतात आणि माणूस खुशाल दुसरं ताट वाढून घेतो. पाण्याला कॅलरी नसतात, एवढं डोक्यात पक्कं करा.

खिम्याचं बरोबर उलट. पास्ता फुगतो, खिमा आटतो. कच्च्या, चरबी नसलेल्या बोकडाच्या मटणात १०० ग्रॅमला सुमारे १०९ कॅलरी आणि साडेवीस ग्रॅम प्रथिनं असतात. शिजवून पाणी उडालं की तेच मटण १०० ग्रॅमला १४३ कॅलरी आणि २७ ग्रॅम प्रथिनं दाखवतं. म्हणजे ४०० ग्रॅम कच्चा धरा किंवा आटून राहिलेला ३०० ग्रॅम शिजलेला धरा, प्रथिनं ८१-८२ ग्रॅमच. कच्च्याचा आकडा शिजलेल्या वजनाला लावलात तर २० ग्रॅम हिशेबातूनच गायब.

म्हणून माझा नियम: सगळं कच्चं असतानाच तोलायचं आणि कच्च्याचेच आकडे लावायचे. मध्येच बदलायचं नाही. आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांतून घ्या, पाकीट असेल तर पाकिटावरचे.

पास्ता उकळताना पाण्यात तेल घालायचा सल्लाही कोणीतरी देईलच. ते तेल बहुतेक मोरीतच जातं, आणि किती धरायचं हा घोळ वाढतो. घालू नका.

बाकी स्वयंपाक तुम्हाला येतो. सॉस शिजवा, पास्ता गाळून त्यात मिसळा.

बेरीज: पास्ता १,०६५, खिमा ४३६, तेल साधारण ३७०, टोमॅटो ९०, कांदा ८०. एकूण २,०४० च्या आसपास. आता भरलेली कढई तोला आणि रिकामीचं वजन वजा करा. १,६०० ग्रॅम आलं, तर ४०० ग्रॅमच्या ताटात ५१० कॅलरी, ३१ ग्रॅम प्रथिनं, १४ ग्रॅम स्निग्धांश आणि ६४ ग्रॅम कर्बोदकं. तुमचा सॉस जास्त आटला तर कढईचं वजन बदलेल, एकूण बेरीज बदलणार नाही. वरची तर्री काढून टाकलीत तर तेवढी तोलून वजा करा.

‘पास्ता म्हणजे मैदा’ असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी पाकीट उलटं करून वाचावं. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता प्रथिनांत ज्वारीला हार जात नाही, ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपासच असतात. मार खातो तो तंतूंत: ज्वारीत १० ग्रॅम, पास्त्यात जेमतेम ३. सोबत काकडी-गाजर घ्या. मिठाकडेही बघा. सॉसमध्ये दोन छोटे चमचे, म्हणजे १० ग्रॅम घातलंत, तर प्रत्येकाच्या ताटात अडीच ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादाच ५ ग्रॅमची आहे.

वरून पडणारं वेगळं लिहा. चीजची एक स्लाइस सुमारे ६० कॅलरी. आमच्याकडे चीजऐवजी शेंगाची चटणी भुरभुरतात, चव अफलातून लागते, पण १० ग्रॅम चटणीच्याही ५५ ते ६० कॅलरी होतात, आणि १० ग्रॅमवर थांबणारा सोलापूरकर मी अजून पाहिलेला नाही.