सायलेन्सर खडखडतोय? मग आदल्या रात्रीच कामाला लागा

रविवारी सकाळी गाडीखाली शिरायचं ठरलं असेल, तर शनिवारी रात्री, गाडी गार झाल्यावर, सायलेन्सरच्या ज्या ज्या नट-बोल्टला पाना लागणार आहे त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. डब्ल्यूडी-४० घ्या, नाहीतर पार्टवाला देईल तो स्प्रे. बाकीच्या यादीतलं एखादं राहिलं तर निभावतं, हे राहिलं की नाही. मागच्या खेपेला मी सकाळी उठून थेट पाना लावला, हिसका दिला आणि फ्लँजचा, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या चकतीचा, स्टड (तिच्यात रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट) मुळाशी तुटला. सैल जोड आवळायचं अर्ध्या तासाचं काम ड्रिल आणि वेल्डरपर्यंत गेलं.

त्याआधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, सीटखालची बाटली सगळं बाहेर. नंबर प्लेटही हलवून बघा. हसू नका, निम्मे खडखडाट इथेच सापडतात.

मग आवाज ऐका, आणि तो कधी येतो ते लिहून ठेवा, कारण गाडीखाली गेल्यावर आठवत नाही. गाडी जागेवर उभी असताना, ठराविक रेसलाच पत्रा थरथरल्यासारखी झिणझिण येत असेल आणि रेस थोडी वाढवली की थांबत असेल, तर बहुतेक वेळा तो हीट शील्डचा, म्हणजे सायलेन्सर लाइनची धग अडवणारा, पत्रा. स्पीडब्रेकरवर किंवा खड्ड्यात ‘ठक्’ होत असेल तर सायलेन्सर ज्या रबरांवर लोंबतो त्यातलं एखादं तुटलंय आणि पाइप बॉडीला आपटतोय. रेस केली की डब्यात खडे हलवल्यासारखं वाजत असेल तर वाईट बातमी: सायलेन्सरच्या आतला पडदा सुटलाय किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधली (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यातली) चिनीमातीची जाळी फुटलीय. तिथे पाना घेऊन काही होत नाही, तो भाग बदलावाच लागतो. नुसता बदलूनही भागत नाही. गाडी मिसफायर होत असेल, म्हणजे इंजिनात पेट्रोल धड पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि जाळी वितळते. आधी प्लग आणि कॉइल बघा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. जाळीत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, त्यामुळे किंमत ऐकायची तयारी ठेवा, आणि जुना काढलेला कन्व्हर्टर कुणाला फुकटात देऊ नका.

रेस द्यायला दुसरा माणूस लागतो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि उघड्यावर. बेसमेंटच्या पार्किंगमध्ये अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, खोकलाही येत नाही, माणूस सरळ आडवा होतो. या चाचणीत गाडीखाली कुणीही जायचं नाही, बाजूला उकिडवं बसून ऐकायचं.

आता गाडी पूर्ण गार होऊ द्या. ‘बऱ्यापैकी गार’ नव्हे. चालत्या गाडीत कन्व्हर्टर ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापतो आणि तास-दीड तास धग सोडत नाही. गार झाल्यावर हातमोजे घालून टोकापासून सुरुवात करा: टेलपाइप धरून चहूबाजूंनी हलवा, मग सायलेन्सरवर मुठीने किंवा रबरी हातोडीने हलकेच ठोका, मग पुढे सरका. नुसता कान लावून भागत नाही, टॉर्च मारून घासलेली जागा शोधा. सगळीकडे काळपट तांबूस गंज असतो आणि एकाच ठिकाणी बोटाच्या पेराएवढं लोखंड चकाकतं. धातूवर धातू घासतोय तो इथे. आमच्या गाडीत हीट शील्डचा बोल्ट जागच्या जागी, घट्ट होता, पण त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून भोक एवढं मोठं झालं होतं की बोल्टचं डोकं आरपार गेलं असतं. वरून बघून सगळं ठीक वाटतं, हाताने हलवलं की कळतं. खडूने खूण करा. आणि उद्या जे बोल्ट खोलायचेत ते आत्ता दिसलेच आहेत, तर तेल मारा. मारलं असेल तर पुन्हा मारा.

खाली शिरायचं तर जॅकवर विसंबून नाही. स्टेपनी बदलायचा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठीच असतो. स्टँड लावा, चाकांना दगड लावा. विटांवर गाडी ठेवणाऱ्यांशी मला बोलायचं नाही. स्टँड नसतील तर वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवा, गर्दी नसेल तर पाहू देतात. तिथे मात्र गाडी गरम पोचते, म्हणून आधी वाट बघा.

सामान कामाआधी आणा, खोलल्यावर नव्हे. पुण्यात असाल तर नाना पेठ, नाहीतर गावातला पार्टवाला. जुनं रबर काढता येत असेल तर नमुना घेऊन जा, नाहीतर भोकांतलं अंतर मोजा आणि गाडीचं साल, बीएस-४ की बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी दर्जा) तेही सांगा, कारण सायलेन्सर लाइन वेगळी असू शकते. एक रबर तुटलं असेल तर सगळी घ्या, बाकीचीही त्याच वयाची आहेत. जोड खोलणार असाल तर गास्केट, म्हणजे जोडामधली चकती, नवंच. नट-बोल्ट आणि स्प्रिंगही नव्या, आणि हीट शील्डसाठी मोठे वॉशर आणि दोन स्टेनलेस क्लिपा. भोक मोठं झालेल्या शील्डला मोठा वॉशर घालून बोल्ट आवळला की बसतो, पत्राच फाटला असेल तर पाइपसकट क्लिपने आवळायचा. ‘काढून टाक, काही होत नाही’ म्हणणारे भेटतात. तो पत्रा टाकी, वायरिंग आणि गाडीखालचं सुकं गवत यांना धगीपासून वाचवतो. काढायचा नाही.

सकाळी पाना लावताना आधी किंचित आवळून मग सोडा, गंज तडकतो. अडला तर जोर नाही, पुन्हा तेल आणि चहा. रात्री तेल मारलंच नसेल तर फ्लँजचे बोल्ट आज खोलूच नका, रबरं बदला आणि बोल्ट पुढच्या रविवारी. एवढंच ऐका माझं. मात्र हे तेल रबराला लावू नका, रबर फुगतं आणि सैल पडतं. नवी रबरं चढवायला साबणाचं पाणी. पाइपवर बसवलेल्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवरही फवारा नको.

छोटं भोक असेल तर सायलेन्सर पेस्ट लागते, पण तात्पुरती. वेल्डिंग करायचं तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, टाकी जवळ आहे हे वेल्डरला सांगा, आणि टोचणीने पत्रा टोचून बघा. गंजून कागद झालेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही, नवा सायलेन्सर घ्या. तो आतूनच सडतो: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं, आणि रोज भाजी मंडईपुरती गाडी चालवली तर ते आत साचून राहतं. किनाऱ्यावरच्या गाड्यांना वरून खारी हवाही असते. आठवड्यातून एकदा अर्धा तास लांब घेऊन जा.

जोडताना आधी सगळं सैल लावा, पाइप कुठे टेकत नाही ना बघा, मग आवळा. नव्या बोल्टच्या आट्यांना कॉपर ग्रीस. पहिल्यांदा चालू केलं की तेलाचा धूर येईल, घाबरू नका. एक चक्कर मारा, गार करा, पुन्हा आवळा. जोड गळत असेल तर पीयूसीचे आकडेही बिघडतात, म्हणून तारीख जवळ असेल तर पीयूसी या कामानंतरच काढा.