गरोदरपणात अंडाशयावर गाठ: दुर्बिणीचं ऑपरेशन कधी आणि कसं

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाचे ठोके छान दिसतात आणि त्याच रिपोर्टच्या तळाशी एक ओळ असते: उजव्या अंडाशयावर ५२ × ४८ मिमीची सिस्ट. घरात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो आत्ताच काढून टाका, दुसरा म्हणतो बाळंतपण होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दोघांनीही जरा थांबावं. गाठ कसली आहे आणि कितवा आठवडा चालू आहे, या दोन गोष्टींवर सगळं ठरतं.

पहिल्या तीन महिन्यांत दिसणाऱ्या बऱ्याचशा सिस्ट कॉर्पस ल्युटियमच्या असतात. बीज जिथून फुटून बाहेर पडलं तिथेच ती तयार होते आणि वार काम हाती घेईपर्यंत, म्हणजे साधारण ८ ते १० आठवड्यांपर्यंत, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तीच पुरवते. घाईने काढली तर गर्भपात होऊ शकतो. ठेवली तर बहुतेकदा १६ व्या आठवड्यापर्यंत आपोआप विरते. म्हणून ५ सेंमीपेक्षा लहान, पातळ भिंतीची, आत नुसतं पाणी असलेली सिस्ट असेल आणि दुखत नसेल, तर १४ ते १६ आठवड्यांना पुन्हा सोनोग्राफी करायची, बाकी काही नाही. शक्यतो त्याच सेंटरला जा आणि जुने रिपोर्ट न्या; मोजणारा हात बदलला की मापात थोडा फरक पडतो आणि ‘वाढली’ असा उगाच घोळ होतो. ओळखपत्र विसरू नका. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला फॉर्म एफ हा नोंदीचा अर्ज भरावाच लागतो.

जी गाठ विरत नाही ती बहुधा डर्मॉइड निघते: आत चरबी, केस, कधी दातसुद्धा. ४-५ सेंमीची शांत डर्मॉइड बाळंतपणानंतर काढली तरी चालते. ऑपरेशनचा विचार होतो तो १६ आठवड्यांनंतरही टिकलेल्या मोठ्या (८-१० सेंमीच्या पुढच्या) गाठीत, दर सोनोग्राफीला वाढणाऱ्या गाठीत, किंवा आत घट्ट भाग, जाड पडदे, पोटात पाणी असं काही दिसलं तर. कॅन्सर क्वचितच निघतो. सीए-१२५ ही कॅन्सरच्या शंकेसाठीची रक्ततपासणी मात्र पहिल्या तिमाहीत करून घाबरून जाऊ नका. गरोदरपणामुळेच तो आकडा वाढतो. सोनोग्राफीतून उलगडा झाला नाही तर एमआरआय करता येतो, पण गॅडोलिनियमचं (चित्र उठून दिसावं म्हणून देतात त्या औषधाचं) इंजेक्शन न देता.

ठरवून करायचं ऑपरेशन १४ ते २० आठवड्यांत बसवतात, त्यातही १६ ते १८ सोयीचे. तोपर्यंत बाळाचे अवयव घडलेले असतात, वारेने काम हाती घेतलेलं असतं, विरणारी सिस्ट विरून गेलेली असते आणि गर्भपिशवी अजून बेंबीच्या खाली असते. विसाव्या आठवड्याला ती बेंबीला टेकते. पुढे दुर्बीण फिरवायला जागा कमी पडत जाते. नंतर करता येत नाही असं नाही, फक्त हात मुरलेला सर्जन लागतो.

पीळ बसला तर आठवडे मोजायचे नाहीत

एका बाजूला अचानक कळ येते, येते-जाते, सोबत उलट्या. गाठीच्या वजनाने अंडाशय स्वतःभोवती फिरून त्याचा रक्तपुरवठा आवळला जातो. इथे तास मोजायचे. उलट्या गरोदरपणाच्याच असतील म्हणून घरी वाट पाहणं, ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह बघणाऱ्या सोनोग्राफीत) प्रवाह दिसला म्हणून निश्चिंत होणं. प्रवाह दिसूनही पीळ असू शकतो. सुरगाणा, पेठ, कळवणकडून नाशकाला यायचं तर घाटरस्त्यातच वेळ जातो, म्हणून कळ सुरू झाली की १०८ ला फोन करा. वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, भूल देताना त्रास होतो. निघण्यापूर्वी रुग्णालयाला विचारा: रात्री भूलतज्ज्ञ आहे का, गरोदर बाईचं दुर्बिणीचं ऑपरेशन तिथे करतात का, आणि २४ आठवडे उलटले असतील तर नवजात अतिदक्षता विभाग आहे का. नाशकातलं जिल्हा शासकीय रुग्णालय असो, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालय असो की खासगी, प्रश्न हेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाकडून) आधी पक्कं करा; रेशनकार्ड सोबत ठेवा.

पीळ सोडवल्यावर काळंनिळं दिसणारं अंडाशयसुद्धा बऱ्याचदा सावरतं. रंग बघून ते काढून टाकायची घाई नसावी.

टेबलावर काय काय सांभाळतात

आदल्या रात्रीपासून उपाशी म्हणजे चतुर्थीचा उपवास नव्हे, साबुदाण्याची खिचडी चालत नाही. जेवण निदान ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी. बाळाचे ठोके ऑपरेशनच्या आधी आणि नंतर ऐकून नोंदवतात. पायांत दाबाचे मोजे घालतात, कारण गरोदरपणात रक्ताची गुठळी होण्याकडे कल असतो. विसाव्या आठवड्यानंतर टेबल १५ ते ३० अंश डावीकडे कलवतात, नाहीतर पिशवीचं वजन मोठ्या नसेवर पडून आईचा रक्तदाब घसरतो.

सगळ्यात जोखमीची पायरी पहिल्या छिद्राची. एरवी बेंबीतून शिरतात. इथे पिशवीच्या माथ्यापासून ३ ते ६ सेंमी वर, किंवा डाव्या बरगडीखाली ३ सेंमीवर. सुई पिशवीत गेली तर गर्भ गमावण्याची वेळ येऊ शकते, म्हणून अनेक सर्जन आंधळी सुई न घालता छोटा छेद घेऊन डोळ्यांदेखत आत जातात. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १० ते १२ मिमी पारा, फार तर १५. हा वायू आईच्या रक्तात वाढला तर बाळाच्या रक्तातही आम्लता वाढते, म्हणून भूलतज्ज्ञ श्वासातलं प्रमाण सतत बघतो. एरवी वापरतात ती गर्भपिशवी हलवायची सळई इथे वर्ज्य. पिशवीला जितका कमी स्पर्श तितकं बरं.

जमेल तिथे फक्त गाठ सोलून काढतात, अंडाशय ठेवतात. गाठ प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर काढायची. डर्मॉइड आत फुटली तर त्यातल्या चरबीने पोटाच्या अस्तराला सूज येते. मग कोमट सलाइनने, पाणी स्वच्छ येईपर्यंत, धुवावं लागतं. कॅन्सरची शंका असलेली गाठ फुटता कामा नये. तिथे पोट उघडून करणं जास्त शहाणपणाचं असेल, तर दुर्बिणीचा हट्ट धरू नका. १० मिमी किंवा त्याहून मोठ्या छिद्राला आतून टाका हवाच. वाढत्या पोटात तिथून हर्निया होतो.

घरी आल्यावर

खांदा एक-दोन दिवस दुखतो. आत राहिलेल्या वायूमुळे तसं होतं, हृदयाचं काही नसतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक मेडिकलमधून आणून घेऊ नका; २० आठवड्यांनंतर त्याने बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं. ऑपरेशनच्या संध्याकाळपासूनच थोडं चालायचं. दहाव्या आठवड्याआधी कॉर्पस ल्युटियम काढावी लागली असेल तर प्रोजेस्टेरॉन सांगितलेल्या तारखेपर्यंत चुकवायचं नाही. पिशवी आवळू नये म्हणून सगळ्यांना सरसकट औषध द्यायची गरज नसते, कळा सुरू झाल्या तरच देतात.

रक्त किंवा पाणी जाणं, ठरावीक अंतराने पोट कडक होणं, ताप, एकाच पोटरीला सूज, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी परत जा. दुसऱ्या दिवसानंतर पोटदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढली तर आतड्याला इजा झाली असण्याची शक्यता तपासावी लागते.

काढलेल्या गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट स्वतः मागून घ्या आणि बाळंतपणाच्या फाइलला लावा. या ऑपरेशनमुळे सिझेरियन करावं लागत नाही. गाठ डर्मॉइड निघाली असेल तर बाळंतपणानंतरच्या सोनोग्राफीत दुसरं अंडाशयही बघायला सांगा, कारण सुमारे दहातल्या एकीला ती दोन्हीकडे असते.