मोंढ्यातला जुना पायथन २ चा प्रोग्राम पायथन ३ वर नेताना

पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा. तिच्या पायथन २ या जुन्या आवृत्तीचं काम १ जानेवारी २०२० ला थांबलं. आधी २०१५ ठरलं होतं. जुना कोड हलवायला वेळ मिळावा म्हणून पाच वर्षं वाढवून दिली. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती आली. त्यानंतर सुरक्षेतल्या त्रुटीही पायथनची टीम दुरुस्त करत नाही.

लातूर, जालन्याच्या मोंढ्यात आडत दुकानाच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायच्या मालाच्या हिशेबाच्या पावत्या) अजून पायथन २ वर निघत असतील, तर सोयाबीनची आवक वाढायच्या आत, दसऱ्याआधी हे काम उरका. भर हंगामात हात लावू नका.

प्रोग्राम आणि डेटा दोन्हींची प्रत वेगळी ठेवा. मागच्या हंगामातल्या शे-दोनशे पट्ट्या जुन्या प्रोग्रामवर पुन्हा काढून फाइलमध्ये साठवा. पुढची सगळी पडताळणी यांच्याशीच करायची आहे, म्हणून सुटे किलो, अर्धा रुपया, मराठी नावं असलेल्या पट्ट्या त्यात हव्यातच.

आता ‘टू-टू-थ्री’ (2to3) हे पायथन २ चा कोड पायथन ३ साठी बदलून देणारं साधन चालवा. पायथन ३.१३ मधून ते काढलंय, पण २.७ सोबत ते येतं. प्रिंट, एक्सरेंज, रॉ-इनपुट या जुन्या आज्ञांचे बदल ते करून देतं. हिशेबातले बदल मात्र हातानेच करावे लागतात, आणि खरा धोका तिथेच आहे, कारण प्रोग्राम बंद न पडता चुकीचा आकडा छापतो.

पहिला बदल भागाकाराचा. १२७५ किलोला १०० ने भागलं की पायथन २ मध्ये १२ क्विंटल येतात, बाकी ७५ किलो वेगळे. पायथन ३ मध्ये त्याच ओळीला १२.७५ येतात, पट्टीवर ‘१२.७५ क्विंटल ७५ किलो’ छापलं जातं आणि भावाशी गुणल्यावर ७५ किलोचे पैसे दोनदा धरले जातात. जिथे पूर्णांकच हवा, तिथे भागाकाराच्या दोन तिरक्या रेषा (//) द्या. अशा जागा शोधायला जुना प्रोग्राम पायथन २ वर ‘उणे ३’ (-3) हा पर्याय देऊन चालवा. पूर्णांकांच्या भागाकारावर तो इशारा देतो. पण जी ओळ चाललीच नाही तिचा इशारा येत नाही, म्हणून हमाली, तोलाई, उचल असे सगळे प्रकार चालवून बघा.

दुसरा बदल राउंडचा, म्हणजे रक्कम पूर्ण रुपयात करण्याचा. १२.५० रुपये हमाली पायथन २ मध्ये १३ होते, ३ मध्ये १२; ३ मध्ये बरोबर अर्धा उरला की उत्तर जवळच्या सम संख्येकडे जातं. पैशांसाठी पायथनमधलं डेसिमल हे दशांश हिशेबाचं मॉड्यूल वापरा आणि ‘राउंड हाफ अप’ (अर्धा उरला की वर न्या) स्पष्ट लिहा.

तिसरा बदल नावांचा. यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत. ‘लातूर’ची लांबी तिच्या साध्या स्ट्रिंगमध्ये (मजकुरात) पायथन २ ला १५ दिसते, कारण ते बाइट मोजतं; ३ ला ५. नाव ठरावीक रुंदीत बसवणारा कोड त्यामुळे रकाने सरकवतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहाच. विंडोजवर ते गाळलं की नावं बिघडतात.

शेवटी, आधी साठवलेल्या पट्ट्या नव्या प्रोग्रामच्या पट्ट्यांशी ओळ-ओळ जुळवा. एका पैशाचाही फरक निघाला तर कारण सापडेपर्यंत जुनाच प्रोग्राम चालू ठेवा.